सुलक्षणाचा घोटा

न्हावरे, मंगळवार

आदरणीय शितोळे सर,

दौंडच्या मैदानावर तुम्ही मला खो-खो शिकवलात. तीस वर्षं मी इथल्या मुलींना तुमच्याच पद्धतीनं, दुखलं तरी पळायचं म्हणत, शिकवते आहे. आज मला स्वतःचीच भीती वाटते.

काल माझ्या संघातली सुलक्षणा पळता पळता पडली. घोटा सुजून काळानिळा झाला होता.

"कधीपासून दुखतंय?"

"आठ दिस झालं, बाई."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिच्याऐवजी दुसरी मुलगी बोलली, "तुमी वरडला असता. तुमी यायच्या आधी आमी तिला पट्टी बांधत व्हतो."

म्हणून पोरी रोज पंधरा मिनिटं लवकर यायच्या. मी त्याला शिस्त समजत होते.

खरी भीती पुढे आहे, सर. सुलक्षणा रडत होती आणि शनिवारच्या सामन्यात तिच्या जागी कोण, एवढंच माझ्या मनात आलं. दया आली नाही. वर्षभर मला काहीच वाटेनासं झालंय. उद्या रजेचा अर्ज देते. तोवर शिट्टी कपाटात राहील.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तुम्ही मला 'शाब्बास' म्हणाल, याचीच धास्ती वाटते.

तुमची विद्यार्थिनी,
शालन