शेवटची पेटी

१४ मार्च

ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता काय म्हणतो? तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, रागावू नकोस. फोनच केला असता, पण पातळ भिंतीपलीकडे हे पडलेले असतात आणि सगळं ऐकतात. यांची तब्येत तशीच आहे. काळजीचं काही नाही.

काल कामं उरकायला बाहेर पडले. विजेचं बिल भरलं, यांचा चष्मा दुरुस्तीला टाकला होता तो आणला आणि शेजारच्याच औषधांच्या दुकानात गेले. माझ्यापुढे एक आजोबा होते. शर्ट स्वच्छ, पण बटणं एक घर चुकवून लावलेली. दुकानदार मान वाकडी करून फोनवर कुणाशी तरी खिदळत होता. बराच वेळ त्याने आजोबांकडे पाहिलंच नाही. मग त्यांची चिठ्ठी बोटाने मागे सरकवली.

"जुनी आहे. नवीन आणा."

"डॉक्टर सोमवारी येणार हो. हिला आजच द्यायचंय. एक तरी द्या."

"काका, ऐकू येतं ना? जुन्या चिठ्ठीवर मिळत नाही. व्हा बाजूला, मागे माणसं खोळंबलीत."

मागची माणसं म्हणजे मी एकटीच, ताई. आजोबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं वाटलं असेल त्यांना. मी पिशवीत डोकं घातलं आणि उगाच काहीतरी शोधत राहिले.

ते पायरीवर जाऊन बसले. दुकानदाराने फोन ठेवला.

"या वहिनी! शेवटची पेटी उरलीय, तुमच्यासाठीच ठेवली."

तेच इंजेक्शन. आजोबांनी मागितलं तेच. माझी चिठ्ठी त्याने मागितलीसुद्धा नाही, ती तर चार महिन्यांपूर्वीची. मी पेटी घेतली आणि आजोबांच्या अंगावरून, पदर सावरत, खाली उतरले.

ताई, वर "काळजीचं काही नाही" लिहिलंय ते खोटं आहे. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, ही इंजेक्शनं आता बंद करा, उपयोग नाही, नुसता त्रास. म्हणून नवीन चिठ्ठीच नाही. यांना मी सांगितलेलं नाही. दुकानात माल येत नाही म्हणते, आणि हे बिचारे त्या दुकानदाराला शिव्या घालतात. फ्रिजमध्ये आधीच्या तीन पेट्या पडून आहेत, न फोडलेल्या. आणत राहिलं की वाटतं, अजून काहीतरी चालू आहे.

ज्याला लागत नाही त्याच्यासाठी मी घेतली, आणि जिला लागत होती ती राहिली.

आज सकाळी चारही पेट्या बर्फात घालून दुकानात गेले.

"कालचे आजोबा कुठे राहतात?"

"कोणते?"

"तुम्ही हाकलून दिलेत ते."

"वहिनी, दिवसाला शंभर येतात. कुणाकुणाला लक्षात ठेवू?"

मग मी ओरडले. अख्खं दुकान बघत राहिलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! दुकानदाराने मला बसायला स्टूल दिलं. चष्मेवाला म्हणाला, म्हातारा तासभर पायरीवर होता, मग बस थांब्याकडे गेला. दुपारपर्यंत मी थांब्यावर उभी होते. प्रत्येक बसमधून उतरणाऱ्याकडे पाहिलं. बर्फ वितळून पिशवी गळायला लागली तेव्हा घरी आले. त्यांची बायको आज कशी आहे, मला कधीच कळणार नाही.

दार उघडताच यांनी आतून विचारलं, "आलं का गं औषध?" मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि तिथेच उभी राहिले.

यांना खरं सांगायला हवं. रोज ठरवते आणि रोज उद्यावर ढकलते. तू पलंगाच्या एका बाजूला बसलीस तर मी दुसऱ्या बाजूला बसून सांगू शकेन. भाऊजींना काय ते सांग आणि मिळेल त्या गाडीने निघ. उत्तर लिहीत बसू नकोस.

हे आहेत तोवर ये.

तुझी,
धाकटी