भरलेल्या बाटल्या

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि मोठ्या बाईंनी नवीन काम माझ्या गळ्यात मारलं — पाण्याची घंटा! दिवसातून तीनदा घंटा वाजणार, मुलांनी बाटली काढून पाणी प्यायचं, आम्ही बघायचं. शिवाय शुक्रवारचा ‘मुलग्यांशी संवाद’ हा तासही माझाच. का? तर म्हणे, “सुलक्षणाबाई, तुम्हाला मुलगा आहे. तुम्हाला जमेल.”

सातवी ‘ब’च्या मुली पाणी प्यायल्या. मुलगे बाटली नुसती तोंडाला लावतात. घसा हलत नाही. मी काय आंधळी आहे?

घरी आले, मागोमाग सर्वेश. नववीत गेला तरी तेच — दप्तर दारात, बूट पायातच, थेट बाथरूम. पार्ल्याच्या एवढ्या भारी इंग्रजी शाळेत बूट काढायला शिकवत नाहीत वाटतं. ओरडले. तो नेहमीसारखा हसला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा सुटताना बाटल्या बघितल्या. चोवीस मुलगे, एकोणीस बाटल्या भरलेल्या. प्रितमला विचारलं. “तहान नाही लागत, बाई.”

घरी मनीप्लँट खिडकीच्या गजांवरून आता शेजारच्यांच्या खिडकीत निघालाय. बाकी काही जमत नसलं तरी झाडांना माझा हात मानवतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

संवादाचा तास. विचारलं, शाळेत कशाची भीती वाटते? “गणिताची.” सगळा वर्ग हसला. प्रितम तेवढा पोट धरून बाकावर वाकलेला. हात लावला तर अंग तापलेलं.

आजाऱ्यांच्या खोलीत त्याच्या आईची वाट बघत बसलो होतो, तेव्हा बोलला. “मुतारीत नाय जात बाई. दारांना कड्या नाहीत. नववीची पोरं दार ढकलतात, चड्डी खेचतात, सगळ्यांना बोलावतात बघायला. म्हणून पाणीच नाय पीत. कोणच नाय पीत.” मग म्हणाला, “आईला नका सांगू.”

मी सांगितलं. सांगायलाच हवं होतं. पण तेवढ्यावर थांबले नाही. त्याची आई नीलम बिचारी मरोळच्या कारखान्यातून धावत आलेली, गळ्यात अजून कंपनीचं कार्ड. आणि मी तिला सुनावलं — पोराची बाटली रोज भरलेली परत येते, हे आईच्या लक्षात येऊ नये?

“मी घरी यायला आठ होतात बाई,” एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग सांगितला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पीटीचे जयवंत सर म्हणाले, “मुलगेच ते, बाई. आपण पण असेच मोठे झालो ना.” आपण म्हणजे कोण? मोठ्या बाई म्हणाल्या, कड्यांचं पत्र संस्थेला गेलंय. कधी? जूनमध्ये.

चिडून मीच हार्डवेअरच्या दुकानातून तीन कड्या आणल्या. गुणाजीमामांनी बसवल्या. शिपाई म्हणून तीस वर्षं काढलीत त्यांनी इथे. “बसवतंय बाई, पण ह्यो रवाच्यो नाय.” राहायच्या नाहीत म्हणे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दोन उखडल्या. तिसरी वाकवली. मधल्या सुट्टीत मी स्वतः मुलांच्या मुतारीबाहेर जाऊन उभी राहिले. बाई उभ्या आहेत म्हणून एकही मुलगा आत गेला नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रितम आला. माझ्याकडे बघत नाही. काल त्याच्या आईने खाडा केला, थेट नववीच्या वर्गात गेली आणि तिथे बोलता बोलता रडली. आता त्याला सगळी शाळा ‘मम्मा’ म्हणते.

तास संपल्यावर थांबला. “मी बोललो होतो ना बाई, आईला नका सांगू.”

पुन्हा मोठ्या बाईंकडे जाऊ? नववीला शिक्षा करायला लावू? त्याची किंमत प्रितमच मोजणार. काय करावं हे मला खरंच कळत नाहीये. वीस वर्षं शिकवते आणि एका मुलाला मुतारीपर्यंत सुखरूप पोचवू शकत नाही.

पाण्याची घंटा झाली तेव्हा बघितलं. त्याने बाटलीच आणली नव्हती.

१ डिसेंबर, सोमवार

सर्वेश आला. दप्तर दारात, बूट पायातच, थेट बाथरूम. ओरडायला तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले.

दप्तरातून बाटली काढली. काठोकाठ भरलेली. रोज असते. रोज मीच ती मनीप्लँटमध्ये ओतते — तो पाचवीत होता तेव्हापासून.

तो बाहेर आला. माझ्या हातातली बाटली बघितली, मग माझ्याकडे. या वेळी हसला नाही.

“बाबांना नको सांगू,” म्हणाला.