स्वावलंबनात पहिला नंबर

३ मे
स्वावलंबन वर्गात पहिली आले. गॅस, बँक, डॉक्टर, भाडेकरार, सगळ्यात पैकीच्या पैकी. अठरा पूर्ण झाली की संस्था आम्हाला सांभाळणाऱ्या घरातून काढते. काकूंनी सात वर्षं सांभाळलं, तरी नियम तो नियम. वर्गाचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायला एक मॅडम नेमल्यात. निम्म्याच मुलींना वर्ग द्यायचा म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. मला वर्ग मिळाला, काकूंकडच्याच दुसऱ्या मुलीला, गोगलगाईला, नाही. (नाव मीच ठेवलं. बुटाची नाडी बांधायला तिला अर्धी सकाळ लागते.) आता दोघी वेगवेगळ्या खोल्यांत राहणार आणि मग आमची तुलना. बिचारी.

११ मे, संध्याकाळ
नवी खोली. तिसरा मजला, एक खिडकी. निश्चय: महिनाभर काकूंना फोन नाही. कडी लावली. पुन्हा पाहिली. दाराला खुर्ची टेकवली, ती फक्त खोली मोकळी दिसावी म्हणून.

१४ मे
गॅस अजून लावला नाही. येतो. पण उन्हाळ्यात गार खाणंच बरं. ब्रेड, केळी.

१७ मे
दुपारी कोणीतरी दार वाजवलं. मी खाटेखाली गेले. घाबरून नाही, खाली केर किती साठलाय ते बघायचंच होतं. बराच वेळ वाजवल्यावर शेजारचे आजोबा बाहेरून म्हणाले की पोरी, तुझी किल्ली कालपासून बाहेरच कुलपाला लटकतेय. शेवटी त्यांनी ती दाराखालून आत सरकवली. भला माणूस असावा. पण सांगता येत नाही.

२२ मे
ताप. वर्गात डॉक्टरांची वेळ घ्यायचा सराव खेळण्यातल्या फोनवर केला होता. माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. आज खऱ्या दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, बरोबर कोण येणार? हा प्रश्न वर्गात नव्हता. फोन ठेवला. वर्गाबद्दल तक्रार करणार आहे. काकूंचा नंबर पाठ आहे का तेवढं तपासलं. आहे.

२९ मे
मॅडम आल्या. फटाफट उत्तरं दिली. स्वयंपाक करतेस? हो, रोज. मग त्या म्हणाल्या, चहा मीच टाकते, तू बस. सिलिंडरचं सील अजून तसंच होतं. त्या हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील, म्हणजे मलाही हसता आलं असतं.

शेवटचा प्रश्न: “आजारी पडलीस तर कोणाला फोन करशील?”

मी रुग्णवाहिकेचा नंबर सांगितला.

“नंबर नको, माणूस सांग.”

मी विचारलं, बरोबर उत्तर काय आहे. त्या म्हणाल्या, बरोबर असं काही नसतं. त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं, पहिला नंबर कोणाचा. एकेकीचं सांगता येत नाही म्हणाल्या, पण वर्ग केलेल्या आणि न केलेल्या मुलींमध्ये आतापर्यंत तरी काहीच फरक दिसत नाही.

त्या गेल्यावर उरलेली सगळी केळी एकदम खाल्ली. भूक.

१ जून
टॉवेल परत करायला काकूंकडे गेले. निश्चय मोडला नाही, तो फोनचा होता. स्वयंपाकघरात गोगलगाय भाजी चिरत बसलेली. ती म्हणे दर दोन दिवसांनी येते. मी म्हटलं, असं चालतं? काकू म्हणाल्या, “यायचं नाही असं तुला कोणी सांगितलं?” कोणी नाही, हे खरं. वर्गात सांगितलं असेलसं मला वाटलं होतं. आत माझ्या पलंगावर एक नवी लहान मुलगी बूट घालूनच झोपली होती. तिच्याकडे पाहवेना.

परत निघताना गोगलगाय सावकाश, तिच्या पद्धतीने म्हणाली, “मला एकटीला फार भीती वाटते गं. तुला?”

मी नाही म्हटलं. मग बसस्टॉपवर तिला सांगितलं, माझ्या खोलीत दोघी मावतील.

उद्या ती गादी घेऊन माझ्याकडे राहायला येतेय. तिला भीती वाटते म्हणून. भिंतीकडची जागा मात्र माझी, हे मी आधीच सांगून टाकलंय.