पहिलं बाळंतपण माहेरात

१२ मे २०२४

सत्यम आला. हैदराबादपर्यंत इमानानं, तिथून गाडीनं निलंग्याला. आत येताना डोकं चौकटीला आपटलं. पोरगं एवढं उंच झालं हे फोनमधी कळत न्हाई.

उज्वलाचा फोन आला. "पोचला का? बरं." ठेवला. माझी एकुलती एक लेक – पोस्टातल्या बाईगत बोलून राहिली माझ्याशी.

१५ मे

शेजारची गुरम्मा चौकशीला आली. "सिंधुअक्का, नातू सुट्टीला आला का?" मी म्हणाले, हाव. "किती दिवस?" मग काय लपवायचं. सांगितलं – त्याला अमेरिकेतून काढून दिलं. चोरी न्हाई, मारामारी न्हाई. एकवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून.

"वाढदिवसाला घराबाहेर काढतात?" गुरम्मानं तोंडाला पदर लावला.

तसंच हाय. जावई, बालाजी, तिकडं नोकरीच्या परवान्यावर. कायमचं राहायचा कागद मिळावा म्हणून कवापासून रांगेत उभा हाय. पोरगं एकवीसचं होईस्तोर बापाच्या परवान्यावर राहातं, पुढं त्याचं त्यानं बघायचं. सत्यमनं तिथूनच शिकायच्या व्हिसासाठी अर्ज केला, तो फेटाळला. आता बाहेरून मागायचा. मिळाला तर परत जायचं.

आन् धाकटा निहाल सोळाचा. तो तिथंच जन्मला, म्हणून तिथला. एका आईची, एका बापाची पोरं. थोरला माझ्या घरात जन्मला, एवढाच फरक.

लिहून टाकलं एकदाचं.

१९ मे

दोन हजार तीन साल. उज्वलाला सातवा महिना. बालाजी फोनवर म्हणाला, "मामी, बाळंतपण इथंच करू. पोराला पुढं फायदा होईल." मी म्हणाले, "जावईबापू, पहिलं बाळंतपण माहेरात. पाळणा माझ्या आढ्याला बांधायचा. न्हाईतर मी मेले समजा."

मेले न्हाई. लेक आली. इथल्या दवाखान्यात पोरगा झाला. पेढे वाटले. पाच महिन्यांनी लेकरू घेऊन गेली.

रीत होती हे खरं. पण ते अर्धंच. गल्लीतल्या सगळ्या लेकी पोट घेऊन माहेरी आल्या, माझीच आली न्हाई तर बायका काय म्हणतील – हे उरलेलं अर्धं.

त्या बायकांतल्या निम्म्या आता मेल्या. पोरगं भोगून राहिलंय.

२७ मे

लातूरला गेलो. आप्पासाहेब वकील परदेशाची कामं करतात. मी विचारलं, "वकीलसाहेब, पोरगं कुठलं हे ठरवतं कोण? आई का जागा?"

म्हणाले, "आजी, साल ठरवतं." मग बोटांवर मोजून सांगितलं. आपल्याकडं आधी इथं जन्मला की झाला इथला, आईबाप कुठलेका असंनात. सत्याऐंशी सालापासून आईबापातलं एकतरी इथलं पाहिजे. दोन हजार चारच्या डिसेंबरापासून दोघंबी इथले पाहिजेत, न्हाईतर एक इथला आन् दुसरा चोरून आलेला नसावा. आन् बाहेर जन्मलेलं लेकरू पूर्वी फक्त बापाकडून इथलं व्हायचं. आईचं धरायला ब्याण्णव साल उजाडलं.

"म्हंजे नऊ महिने वाहिलं तिनं, आन् धरायचं त्याचं?" मी म्हणाले. वकील हसले. मी हसायला बोलले नव्हते.

माझी सासू निजामाच्या राज्यात जन्मली. चुलीपुढून उठली न्हाई आन् हिंदुस्तानची झाली. माझा नातू पाच महिन्यांचा असल्यापासून तिकडं वाढला, तरी तिकडचा झाला न्हाई.

मग कामाचं बोलले. शिकायचा व्हिसा मागताना अमेरिकेच्या कचेरीतल्या साहेबाला पटवायचं की शिकून झालं की मी माझ्या देशात परत येणार. "घर कुठं असं विचारलं तर निलंगा सांगायचं. अमेरिका तोंडातून काढायची न्हाई."

जायला मिळावं म्हणून परत येतो सांगायचं. भल्या डोक्याचं काम हाय.

३ जून

सत्यम सकाळी गोठ्यात जातो. आधी गाईला भ्यायचा. आता तिच्या गळ्याखाली खाजवत उभा राहातो, देवणी जातीची हाय, तीबी मान वर करून उभी राहाते राणीगत. आल्या आल्या पोथी वाचल्यासारखं मराठी बोलायचा. काल म्हणाला, "आजी, लई गरम हून राहिलंय." मी तोंड फिरवून हसले.

घरात दुसरं माणूस जेवायला असलं की भाकरीबी चांगली फुगते.

मला बरं वाटून राहिलंय. पोराचं घर सुटलं, आईबाप सुटले, भाऊ सुटला, कॉलेज अर्धं पडलं – आन् मला बरं वाटून राहिलंय. ही कसली आजी म्हणायची.

१० जून

मुलाखतीची तयारी. मी साहेब झाले. त्यांचा जुना चष्मा लावला – माझ्या मालकांचा, ते जाऊन सहा वर्षं झाली.

"नाव?" सांगितलं.

"परत येशील कशावरून?"

"आजी आहे."

"आजी किती दिवस पुरणार?"

"तुम्ही तिला पाहिलं नाही, साहेब. ती तुम्हालाही पुरून उरेल."

हसून हसून चष्मा पडला. मग विचारलं, "घर कुठं?"

तो थांबला. वकिलानं सांगितलेलं त्याला पाठ होतं. पण थांबला. मग म्हणाला, "निलंगा." कडू औषध गिळल्यागत.

ते मी बघितलं.

१७ जून

सत्यम मुलाखतीला हैदराबादला गेला. हातावर दही दिलं. म्हणाले, "साहेबाच्या डोळ्यात बघ आन् खरं काय ते सांग, बाबा."

१८ जून

न्हाई दिला.

साहेबानं विचारलं, शिकून झाल्यावर काय करणार. हा म्हणाला, घरी जाणार. घर कुठं? ह्यानं आईबापाच्या गावाचं नाव सांगितलं. तिकडच्या. दोन मिनिटांत काचेखालून पासपोर्ट परत.

येऊन अंथरुणावर पडलाय. जेवला न्हाई.

२० जून

वकील म्हणाले होते निलंगा सांग. मी म्हणाले खरं सांग. खरं काय ते मला चष्म्यातून दिसलं होतं. खऱ्यानं व्हिसा मिळणार न्हाई हेबी ठावं होतं. तोंड देवघरातल्यासारखं करून बोलले आन् दही दिलं.

एकवीस वर्षांपूर्वीचं तरी कळत नव्हतं म्हणता येतं. आता काय म्हणू?

२१ जून

सत्यमला सांगितलं. ताटावर बसला होता. म्हणाला, "तू सांगितलं म्हणून नाही बोललो. तोंडातून निघालं." ताट सरकवून म्हणाला, "पण तुला माहीत होतं." उठून गोठ्यात गेला.

उज्वलालाबी फोन करून सांगितलं. मागं निहाल कुणाला तरी हाका मारत होता, त्यांच्या भाषेत.

मग म्हणाली, "दोनदा, आई. दोनदा तू त्याला तिथं ठेवून घेतलंस."

२४ जून

सत्यम बोलत न्हाई. गाय धुतो, जेवतो, फोनकडं बघत बसतो.

२९ जून

मीच वकिलांना फोन केला. परत मागता येतं का? येतं म्हणाले, पण इथं काहीतरी त्याचं असल्याचं दाखवा.

माझं हाय काय? शेत. चार एकर, मालकांनी मरायच्या आधी माझ्या नावावर केलेलं. त्याला देते म्हणाले. माझ्यामागं त्यालाच जाणार होतं, आताच जाऊ दे.

सत्यम म्हणाला, "मला नको." मी म्हणाले, "तुला विचारलं कोण? गाडीत बस."

६ जुलै

नोंदणी झाली. येताना शेतावर गेलो. ट्रॅक्टरवाला मलप्पा म्हणाला, "मालकीणबाई, पेरायचं काय ते सांगा." मी म्हणाले, "मला नको विचारू. मालक तिकडं उभा हाय, त्याला विचार."

सत्यमनं माझ्याकडं बघितलं. मी बांधावरच्या बाभळीकडं बघितलं.

अर्धा तास मलप्पाला एक एक विचारत होता. सोयाबीन, मधी तुरीच्या ओळी. मग स्वतः ट्रॅक्टरवर चढून बसला. उतरला तेव्हा भुवयांवरबी माती. "आजी, किती दिवसांत उगवतं?" मी सांगितल्यापासून पहिल्यांदा आपणहून बोलला.

१९ जुलै

उगवलं. फोटो काढून आईला धाडला, भावाला धाडला. निहालनं विचारलं म्हणे, मला बघायला येता येईल का. त्याला यायचं तर आपल्या सरकारची परवानगी लागते. आजीच्या घरी यायला!

२ ऑगस्ट

पाऊस दडी मारून बसलाय. सत्यम रोज शेताला चक्कर मारतो, पानं उलटी करून बघतो. मलप्पाशी अळीवरून वाद घालतो. चुकतो, पण घालतो.

६ तारखेला परत मुलाखत. या वेळी मी तोंड बंद ठेवणार हाय. दहीबी गुरम्माच्या हातून देते.

७ ऑगस्ट

व्हिसा दिला. एकवीस तारखेला इमान.

मी म्हणाले, "बरं झालं. पाठ केलेलं नीट बोललास."

सत्यम चपला काढत होता. म्हणाला, "पाठ केलेलं विसरलो, आजी. घर कुठं विचारलं तर शेताचंच सांगत बसलो – पाऊस न्हाई, तूर पिवळी पडून राहिलीय, मलप्पा ऐकत न्हाई. साहेब म्हणाला पुरे, पुरे." मग म्हणाला, "तू म्हणाली होतीस ना, खरं सांग."