दोन डिस्क, एक डबा

मृत्युपत्र लिहून ठेवणार : भीमराज कचरू भिंगारदिवे, वय सदुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, सध्याचा धंदा लग्नपत्रिका छापणे, राहणार श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर.

हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली न येता, नशापाणी न करता आणि अतिशय खुशीत लिहीत आहे. वकिलांनी ‘खुशीत’ खोडून ‘स्थिर बुद्धीने’ घातले होते. बुद्धी स्थिर आहेच. पण आज दुकानातला संगणक सुरू झाला आहे, तेव्हा खुशी लपवणे हा खोटेपणा होईल. प्रकृती ठणठणीत आहे. मरायची घाई नाही.

१. राहते घर व पोस्टातली बचत पत्नी छबूबाई हिची. यावर कोणी चर्चा करू नये.

२. माझी पक्कड शेजारी कारभारी लोंढे यांस. ती बरीच वर्षे त्यांच्याकडेच आहे, आता कायदेशीर झाली.

३. संगणक. या कलमासाठीच बाकीची कलमे लिहिली आहेत. माझ्या मागे मुलांनी त्याची वाटणी करू नये, एवढेच माझे मागणे आहे.

त्यात दोन हार्डडिस्क आहेत. मुलगा चेतन श्रीगोंद्याला साखर कारखान्यात संगणकावर असतो. वेग वाढावा म्हणून त्याने त्या अशा जोडल्या की प्रत्येक फाइलचा एक पट्टा या डिस्कवर, पुढचा त्या डिस्कवर. मुलगी प्रज्ञा सोनईला शाळेत शिकवते. तिने त्या पट्ट्यांवर संगणक चालवणारे लिनक्स बसवले. त्याच कामाचे चेतनचे विंडोज आणि माझा जुना डॉस कडेला होतेच. “एका चुलीवर तीन सुना बसवल्या, मंग भाकर करपनार न्हाई तर काय व्हईल?” असे छबूबाई तेव्हाच म्हणाली होती.

मशीन चालू केले की तिघांतले कोणाला उठवायचे हे विचारणारा लिलो नावाचा छोटा प्रोग्राम असतो. इंग्रजीत त्याचे नाव चार अक्षरांचे. आमचा लिलो पडद्यावर दोनच अक्षरे लिही आणि गप्प बसे. चेतन म्हणे चूक लिनक्सची, प्रज्ञा म्हणे चूक पट्ट्यांची. भांडण पेटले आणि रीतसर वाटणी झाली : एक डिस्क श्रीगोंद्याला, दुसरी सोनईला. दोन्हीकडे काही उघडेना. माझी आई चांगुणा हिचा एकुलता एक फोटो स्कॅन करून त्यात ठेवला होता, आणि मूळ फोटो वाळवीने खाल्लेला. म्हणजे आई अर्धी श्रीगोंद्याला, अर्धी सोनईला, आणि दिसत कुठेच नाही. मला फार वाईट वाटले.

हा प्रकार माझ्या ओळखीचा होता. आईच्या माघारी मी आणि धाकटा भाऊ सूर्यभान, आम्ही तिचे शिलाई मशीन असेच वाटून घेतले. वरचे यंत्र त्याने नेले, पायडलसकट स्टँड माझ्याकडे आले. तेव्हापासून दोन्ही घरांतले फाटके कपडे शिंप्याकडे जातात. मोठा वाटा त्यालाच गेला, हे इथे नोंदवून ठेवतो.

मी बोलावले म्हणून मुले डिस्क घेऊन आली. दोन्ही डिस्क संगणकाच्या डब्यात परत बसवल्या. चेतन म्हणाला, “पप्पा, लिलोला पट्टे जोडून वाचता येत न्हाईत. आन् त्याला लागनारं सामान दोन्हीकडं पसरलंय.” प्रज्ञाने पहिल्या डिस्कवरच्या रिकाम्या जागेत एक छोटा तुकडा पट्ट्यांबाहेर, अखंड ठेवला, सुरुवातीला लागणारे सगळे त्यात नेले आणि लिलो पुन्हा बसवला. जमीन वाटली तरी विहीर सामाईक ठेवतात, तसेच हे. आज लिलोने चारही अक्षरे लिहिली. लिनक्स उठले, फोटो उघडला, आई पडद्यावर आली. छबूबाईने पटकन डोक्यावरून पदर घेतला. मी दुकानात नाचलो, त्याला साक्षीदार आहेत.

सबब दोन्ही डिस्क कायम एकाच डब्यात राहतील. मालकी दोघांची. जो स्क्रू काढील त्याचा हक्क संपला. लिलोने विचारल्यावर कोणी नाव टाइप केले नाही, तर माझ्या हयातीत डॉस उठेल. पुढचे छबूबाई ठरवील. लिलोच्या यादीत डॉसला माझेच नाव दिले आहे, तो पुसू नये. कोणी बोलावले नाही तरी माझे नाव तिथे असू द्यावे.

हे कलम वाचून दाखवले तेव्हा प्रज्ञा म्हणाली, “आमी न्हाई वाटनार. पन आधी तुमी आन् काका मिळून आज्जीचं मशीन जोडा, मगच आमाला सांगा.” चेतनने मान डोलवली. पुष्कळ दिवसांनी दोघांचे एकमत झाले, तेही माझ्याविरुद्ध.

४. भाऊ सूर्यभान यास या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला दिलेले टिकत नाही, असे वकील सांगतात. हा नियम मला फार आवडला. त्यामुळे जे करायचे ते जिवंतपणीच करावे लागत आहे. स्टँड पुसून अंगणात ठेवले आहे.

वरील मजकूर मी स्वतः टाइप केला, डॉसमध्ये, आणि वाचून सही करीत आहे.

ठिकाण : श्रीरामपूर
दिनांक : ६ जून १९९९

(सही) भीमराज कचरू भिंगारदिवे

साक्षीदार :

(सही) गहिनीनाथ बाबुराव शेळके, शेजारचे दुकानदार

(सही) सूर्यभान कचरू भिंगारदिवे. भाऊनं माझ्यासमोर सही केली. यंत्र एसटीत मांडीवर घिऊन आलो. जोडलं, चालतंय, वैनी बसल्यात. पट्टा जुना तुटला हुता, नवा मी आनला. तेवढा सामाईक लिहावा.