नऊ वाजता चार ठोके

प्रिय चष्मिस,

माझं सगळं बदललं ते तुझे बाबा आमच्या दुकानात शिरले त्या क्षणी. कॉलेज सोडलं तेव्हा नाही, की तू "मला विचार करायला वेळ दे" म्हणालीस आणि मी भर चौकात "संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर विसर मला" असं ओरडलो, तेव्हाही नाही. तेव्हा फक्त माझं डोकं फिरलं होतं, आणि ते काय, रोजचंच. त्याच आठवड्यात सरांशी भांडून कॉलेजला रामराम ठोकला. तू नोकरीसाठी परगावी गेलीस आणि मी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मास्तरांकडे चिकटलो. त्या दिवशी दुकानात तुझे बाबा म्हणाले, "घरी पुरुषभर उंचीचं लंबकाचं घड्याळ आहे. बंद पडलंय. उचलून आणता येत नाही, कुणाला तरी पाठवा." मास्तरांचे गुडघे धरलेले, म्हणून कागद माझ्याकडे आला. पत्ता वाचला आणि हातातला चिमटा खाली पडला.

तर गेले सहा रविवार मी तुमच्याच घरी आहे, बाईसाहेब. चक्रं सुटी केली. जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालेलं, ते धुऊन काढलं. टिकटिक लंगडत होती म्हणून घड्याळाच्या डाव्या पायाखाली पत्र्याची चकती सारली. पेटीच्या तळाशी तुझं सहावीचं प्रगतिपुस्तक सापडलं. गणितात बारा! काळजी करू नकोस, घरात कुणालाही दाखवलेलं नाही. फक्त मास्तरांना.

चौथ्या रविवारी घड्याळ चालू झालं. आनंदाच्या भरात मी तीनवरचा काटा गरागरा फिरवून नऊच्या जवळ आणला, मधले ठोके पडूच दिले नाहीत. नऊ वाजले आणि ठोके पडले चार. तुझे बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "हेही कॉलेज अर्धवट सोडून आलंय वाटतं." काकूंच्या हातातली कपबशी हसून हसून हिंदकळली. माझे कान तापले, पण हत्यारं आपटली नाहीत. लिहून ठेव, इतिहासात पहिल्यांदाच. मास्तरांनी मात्र दुसऱ्या दिवशी बिनपाण्याने केली : "गाढवा, या जातीच्या घड्याळात तास गाळून पुढे जाता येत नाही. प्रत्येक तासाला थांबायचं, त्याचे ठोके पुरे होऊ द्यायचे, मगच पुढचा."

म्हणून गेल्या रविवारी मी आणि तुझे बाबा घड्याळासमोर मांडी ठोकून बसलो. आधी जेवढे ठोके पडले त्या तासावर काटा आणला. मग काटा पुढच्या तासावर न्यायचा, थांबायचं, मोजायचं. दहाचे झाले आणि त्यांनी एकदम विचारलं, "काय रे, तू नुसता घड्याळासाठीच येतोस का?" मी घाबरून काटा अकरावर नेला. अकरा ठोके! विचार करायला एवढा वेळ मी कुणाला कधी दिला नव्हता, स्वतःलासुद्धा. शेवटचा ठोका विरला तेव्हा म्हणालो, "नाही, काका." ते म्हणाले, "आमच्या हिला पहिल्याच रविवारी कळलं होतं. मला पाच लागले." मग चष्मा पुसत म्हणाले, "चल, बाराचे राहिलेत."

आज घड्याळ चोख वाजतंय. काकू म्हणतात, थांब, ती पाचच्या गाडीने येतेय, चहा घेऊनच जा. मी थांबणार नाही. थांबलो तर तुझ्या तोंडाकडे बघत राहीन आणि उंबऱ्यातच तुझ्यावर काहीतरी उत्तर द्यायची वेळ येईल. म्हणून तुमच्या जेवणाच्या टेबलावर बसून हे लिहितोय. चौकातली ती 'संध्याकाळपर्यंत'ची मुदत मी मागे घेतो. तुला लागेल तेवढा वेळ घे. 'नाही' म्हणालीस तरी ओरडणार नाही. ओरडलोच तर दुकानात, मास्तरांना सवय आहे. प्रेम तेवढं मागे घेता येत नाही, ते मला जमणार नाही. पावणेपाच झाले. पाकीट तुझ्या खोलीत ठेवतो, पिशवी खांद्याला लावतो, काकूंना "येतो" म्हणतो, आणि बाहेर पडून दार ओढून घेतो.

तुझाच, आणि सध्या तुमच्या घड्याळाचाही,
भडकू