निळ्या झाकणांच्या बाटल्या

गुरुवार संध्याकाळ, दौंड

आज आमच्या वॉर्डात मांडवगणच्या आबांचा जीव थोडक्यात वाचला. इंजेक्शनची पावडर विरघळवायला कविता सिस्टरनं पाण्याऐवजी पोटॅशियमची बाटली उचलली. दोन्ही एकाच ट्रेमध्ये, दोन्हींची झाकणं निळी. मी शेजारीच होते, तिचा हात धरला. ते शिरेत गेलं असतं तर आबांचं हृदयच थांबलं असतं.

डॉक्टर म्हणाले, "तिला मेमो द्या." वॉर्डची इन्चार्ज मी, सही माझीच लागते. पण झाकणं काय कवितानं निळी केली? उद्या मीही चुकेन.

मेमो दिला नाही. पोटॅशियम ट्रेमधून काढलं आणि वेगळ्या कपाटात कुलपात ठेवलं. डॉक्टर चिडले, "घाईच्या वेळी कुलूप उघडत बसणार का?"

"हो सर. तेवढं थांबायलाच हवं."

असं मी बोलले? बोलले. आता कुलूप निघणार नाही.

आबांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मघाशी रडत व्हती ती पोरगी हीच का? तिला म्हणावं, उद्याचं इंजेक्शन तूच दे."

कविता घरी निघाली होती. फाटकापाशी गाठून निरोप दिला. उद्या सकाळची ड्यूटी तिचीच लावली आहे.